मेंढरांनी न खाल्लेली बाग

आमच्या कॉलनीच्या बागेचा माळी त्या सभेत एक शब्द बोलला नाही, आणि त्याचं कारण मी होतो. सभेच्या तीन दिवस आधी मी त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं होतं, आणि बदल्यात एक शब्द दिला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि यंदा ज्या पोरांना मी बाकीचं बरंच सांगून टाकलं त्यांनाही नाही.

मी मुळातच कमी बोलणारा. कंपनीत स्टोअरला आहे. आलेला माल आणि गेलेला माल जुळला की माझं काम झालं, तोंड उघडायची गरज पडत नाही. लोक मला शांत म्हणतात, सज्जन म्हणतात. कमी बोलणाऱ्याला सज्जन समजायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या पद्धतीचा मी भरपूर फायदा घेतला.

कॉलनी शिरूरची, वरच्या माळावरची. आजूबाजूच्या गावांतून कंपन्यांत नोकरीला आलेल्या आम्हा लोकांनी घेतलेले प्लॉट. सगळी शेतकऱ्यांचीच पोरं. प्लॉट पाडताना मध्ये वीस गुंठ्यांची मोकळी जागा सोडलेली, कागदावर तिचं नाव ‘ओपन स्पेस’. मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा आम्ही तिथे बोअर घेतलं, चारी बाजूंनी मेंदीचं कुंपण लावलं, हिरवळ केली, आणि मांडवगण फराट्याचा एक माणूस माळी म्हणून ठेवला. त्याच्या वडिलांचं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. हा मात्र नदीकाठच्या दीड एकरावर टेकलेला, आणि मुलीच्या शाळेसाठी शिरूरला आलेला. बागेच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली होती, तिथे नवराबायको आणि मुलगी राहायची. आम्ही त्याला आबा म्हणायचो. तो मला ‘सायेब’ म्हणायचा, मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असून.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी घरावर मजला चढवायला काढला. एप्रिलमध्ये स्लॅब पडला. स्लॅबवर मातीचे वाफे करून तीन आठवडे पाणी उभं करावं लागतं, त्यानंतर प्लास्टरला मारावं लागतं. माझ्या घरच्या नळाला जेमतेम पिण्यापुरतं पाणी. बागेचं बोअर माझ्या प्लॉटला लागून, स्टार्टरची पेटी माझ्या भिंतीजवळच्या खांबाला, तिची चावी माझ्या खिशात. एका दुपारी आबा बायको-मुलीला घेऊन गावी गेले असताना प्लंबरकडून बागेच्या पाइपाला टीचा जोड मारून घेतला, एक फाटा माझ्या घराकडे काढला आणि बागेकडचा व्हॉल्व्ह बंद केला. प्लंबर म्हणाला, “परवानगी?” मी म्हणालो, “सेक्रेटरी मीच आहे.” तो हसला. मीही हसलो.

उन्हाळ्यात बोअर अर्धा तास चालायचं. दोघांना पुरलं नसतं, हे खरं. पण ते कुणाचं होतं हेही मला माहीत होतं.

आबांना मी सांगितलं, मोटर जळलीय. पंधरा दिवसांनी सांगितलं, मोटर आली पण बोअर आटलं. ते खालच्या रस्त्यावरच्या हापशावरून कॅन वाहायला लागले. काठीच्या दोन टोकांना दोन कॅन, दिवसाला किती खेपा कोण जाणे. माझ्या स्लॅबवर उभं राहिलं की ते येता-जाताना दिसायचे, म्हणून त्या दिवसांत मी स्लॅबवर जायचं टाळत होतो. मुकादमाला सांगायचो, तूच बघ.

मेच्या शेवटी हिरवळ गेली होती आणि कुंपणाची पानं गळून नुसत्या काड्या राहिल्या होत्या. आबा मला कंपनीच्या बसपाशी येऊन भेटले. “सायेब, पावसाच्या आत पुतन्याची मेंढरं बसवू का दोन दिस? मुरमात लेंडीखत मुरलं तर मुळ्या परत धरत्याल.” आमच्या भागात हे कुणालाही नवीन नाही. रानात मेंढरांचा कळप दोन-तीन रात्री बसवतात, त्यांच्या लेंड्या आणि मुताने जमीन तयार होते. मी म्हणालो, “बसवा.” इतकंच. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

मेंढरं आली, दोन रात्री बसली. सकाळी फिरायला निघालेल्या लोकांनी बघितलं तर सगळीकडे लेंड्या, वास, आणि चारी बाजूंनी कुंपणाच्या काड्या. काड्या मेंढरं यायच्या आधीपासून तशाच होत्या. पण पानं रोज थोडी थोडी गळतात, ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. मेंढरं एकदम डोळ्यांत भरली. गेटपाशी कुणीतरी म्हणालं, “मेंढरांनी बाग खाल्ली की हो!” आणि दुपारपर्यंत ते सगळ्या कॉलनीचं मत झालं.

त्याच दुपारी आबा माझ्या अर्धवट जिन्याने वर आले. बागेत फिरताना त्यांना एका जागी वीतभर रुंदीची हराळी हिरवीगार दिसली होती. टीचा जोड गळत होता. त्या हिरव्या पट्ट्यामागे चालत ते माझ्या घरात पोचले होते. प्लास्टरवर पाणी मारायच्या नळीकडे बघत म्हणाले, “सायेब, ह्यो पाइप आपल्या बागंतनं आलाय.”

मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणालो नाही. हात जोडले. म्हणालो, “आबा, पुढच्या आठवड्यात वास्तुशांत आहे. गावाकडनं सगळं भावकीचं माणूस येणार. चोरीच्या पाण्याचं घर म्हणून बोभाटा नको. रविवारच्या सभेत तुम्ही काही बोलू नका. वास्तुशांत झाली की पुढच्या सभेत मी स्वतः उभा राहून सांगतो, पाणी मी घेतलं, मेंढरं मला विचारून आणली.”

“शबूद?”

“शब्द.”

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरले. चिडले नाहीत. मला वाटतं, त्यांच्या दृष्टीने तिथेच विषय मिटला होता.

रविवारच्या सभेत लोक तासभर बोलत होते. आबा दाराशी उभे होते. कुणी विचारलं, “कुणाला विचारून आणली मेंढरं?” आबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. ते शब्द पाळत होते. मी इतिवृत्त लिहीत होतो, कारण ते सेक्रेटरीचं काम. ‘माळ्याच्या हलगर्जीपणामुळे व परस्पर मेंढ्या आणल्यामुळे उद्यानाचे नुकसान झाले असून त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.’ हे वाक्य माझ्या अक्षरात आहे. पत्र्याची खोलीही आठ दिवसांत सोडायला सांगितली.

वास्तुशांतीला मी त्यांना बोलावलं होतं, ते आले. पांढरी धुतलेली कापडं घालून, शेवटच्या पंगतीला बसले. निघताना हात पुसत म्हणाले, “येतो सायेब. फुडली सभा कवा हाय?”

मी म्हणालो, “कळवतो.”

पुढची सभा झाली, त्याच्या पुढची झाली. मी सेक्रेटरीपद सोडलं. टीच्या खड्ड्यावर माती ओढली. बोअर आटलं ते आटलंच, असं ठरलं. बारा वर्षांत तिथे गाजर गवत वाढलं, वेड्या बाभळी वाढल्या, एका बाजूची भिंत पडली, कुणाच्याही घराचं काम निघालं की राडारोडा तिथे जायला लागला. व्यायामाची यंत्रं बसवली होती ती गंजली. आणि कुणी नवा भाडेकरू ‘ही जागा अशी का?’ म्हणून विचारायला लागला की लोक हसून सांगायचे, पूर्वी बाग होती, मेंढरांनी खाल्ली. मी तिथे असलो की बुटाची लेस बांधायला वाकायचो.

गेल्या वर्षी, उसाचा हंगाम जोरात असताना, एका रविवारी दारावरची बेल वाजली. बाहेर दोन मुलं आणि एक मुलगी. मुलगी पोलीस भरतीची तयारी करणारी, मावशीकडे राहणारी, मूळची कासुर्डीची. एक मुलगा आयटीआय करून मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागलेला. दुसरा कंपनीत ट्रेनी, तोंडाचा पट्टा सतत चालू.

मुलगी म्हणाली, “काका, बागेच्या गेटची चावी तुमच्याकडे आहे म्हणे.”

“पलीकडनं भिंत पडलीय. सगळे तिकडूनच जातात.”

“तिकडनं बाटल्या घेऊन जातात. आम्हाला गेटातनं जायचंय.”

ट्रेनी म्हणाला, “द्या काका. ही अशीच हाय. न्हाई दिली तर उद्या पाचला येऊन बेल वाजवंल, आन् तिच्या पाचला आमच्या घरी पण वाजती.”

न्हावऱ्याच्या रस्त्याला ही पोरं पहाटे पळायची. आठवड्यापूर्वी उसाच्या ट्रॉलीने मुलीला कट मारला होता, कोपर सोलवटलेलं दिसत होतं. भरतीला मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. तिने बाग पावलांनी मोजून ठेवली होती: साडेचार फेऱ्या. कडेने पळायची वाट करायची, मध्ये झाडं लावायची, बाटल्या हटवायच्या, एवढा तिचा बेत होता. चावी मी देवघराच्या फळीवरून काढून दिली. ती परत कुणी मागितलीच नव्हती, म्हणून माझ्याकडे राहिलेली.

“नुसती चावी देऊन चालायचं न्हाई,” ट्रेनी म्हणाला. “पहार बी आणा.”

मी पहार घेऊन गेलो. का गेलो, ते मला तेव्हाही कळत होतं. दर रविवारी जात राहिलो. पोरं तीनाची सात झाली, एकदा अकरा झाली, मग परत सात. मी त्यांना काही शिकवलं असं नाही. वेड्या बाभळीची मुळं कशी काढायची एवढं मला येत होतं, बाकी ती सगळं फोनवर बघत. गंजलेल्या यंत्रांना त्यांनी घासून रंग दिला. राडारोडा एका कडेला ओढून त्याचाच वाटेखाली भराव केला. तो टाकणाऱ्या घरांपुढे जाऊन ट्रेनी मोठ्याने म्हणायचा, “काकू, तुमच्या जुन्या बाथरूमच्या फरश्या सापडल्या, आणून देऊ का?” त्यानंतर राडारोडा यायचा थांबला. वनखात्याच्या रोपवाटिकेतून करंज, कडुनिंब, बकुळ आणली. पाणी? प्रत्येक घरात पाणी शुद्ध करायचं मशीन असतं, त्यातून वाया जाणारं पाणी बायका कॅनमध्ये धरून ठेवायला लागल्या. गल्ल्या वाटून घेतलेल्या. संध्याकाळी पोरं दारोदार कॅन गोळा करत.

कॅन घेऊन गेटातून आत येणारी ती मुलं बघितली की मला हापशाच्या रस्त्याने काठीला दोन कॅन लावून येणारा माणूस दिसायचा. मी पण कॅन उचलायला लागलो. मुलगी म्हणायची, “काका, तुम्ही कंबर धराल, ठेवा.” मी ठेवत नव्हतो.

मार्चमध्ये रोपं सुकायला लागली. त्या रविवारी सगळी वाटेच्या कडेला बसली होती. मुलीने हातात मुरूम घेऊन चुरला. “ह्या जमिनीत काय न्हाई. पाण्यानं बी भागायचं न्हाई. मेंढरं बसवायला पायजेत.”

ट्रेनी उठून उभाच राहिला. “मेंढरं? अगं बाई, मेंढरांनी बाग खाल्ली म्हणून तर ही दशा झालीय. आमच्या आईला विचार. सगळं कुंपण फस्त केलं मेंदीचं.”

“कुठल्या मेंदीचं?”

खालच्या कोपऱ्यात, पावसाचं पाणी साचतं तिथे, जुन्या कुंपणाची तीन-चार खुंटं अजून जिवंत होती. ट्रेनीने तिकडे बोट केलं. ती गेली, एक डहाळी मोडून आणली, पानं चुरून वास घेतला आणि हसायला लागली.

“अरे, ही कडू मेंदी हाय. हिला मेंढरू तोंड लावत न्हाई. शेळी लावत न्हाई, आन् शेळी तर तुझा शर्ट बी खाईल. आमच्या चुलत्याच्या मळ्याला चारी बाजूनी हीच हाय. कळपाला शिरू द्यायचं न्हाई म्हणूनच लावत्यात ही. घे, खाऊन बघ.”

त्याने खरंच पान चावलं. थुंकला, पाणी मागितलं, परत थुंकला. सगळी हसून लोळली.

मी हसलो नाही. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. आमच्या गावच्या रानालाही कडू मेंदी होती. त्या सभेत बसलेल्या चाळीस माणसांपैकी निम्म्यांच्या रानांना असेल. मेंढरं ही मेंदी खात नाहीत हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, आणि एकालाही ते त्या दिवशी आठवलं नाही. मला पण आठवलं नव्हतं. मला आठवायची गरजच नव्हती.

मुलगी माझ्याकडे वळली. “काका, तवा तुम्हीच सेक्रेटरी होता ना? मग बाग कशानं गेली?”

तिने सहज विचारलं होतं, संशयाने नाही. ‘पाऊस कमी होता त्या वर्षी’ असं म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं.

“पाण्याशिवाय गेली,” मी म्हणालो. “पाणी मी घेतलं. माझ्या स्लॅबला.”

मग सगळं सांगितलं. टी, व्हॉल्व्ह, मोटर जळल्याची थाप, बोअर आटल्याची थाप, माळ्याच्या पुतण्याची मेंढरं. आवाज माझाच होता, पण इतका वेळ सलग मी कधी बोललो नव्हतो. पोरं ऐकत राहिली. एकाने फोन खिशात घातला.

सगळ्यात आधी रिवाइंडिंगवाला बोलला. “म्हंजी बोअरला पाणी हाय?”

“असणार.”

“टी कुठंय?”

मी जागा दाखवली. त्याने पहार उचलली आणि खणायला सुरुवात केली. बाकीचे लागले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. दोन फुटांवर पाइप लागला.

मुलगी खणत नव्हती. म्हणाली, “आन् माळी?”

“त्याला काढलं.”

“कुणी?”

“सभेनं.”

“तुम्ही होता सभेत?”

“होतो.”

“मग तो बोलला का न्हाई, पाण्याचं?”

इथे मी थांबलो. “त्याला बोलायची सवय नव्हती,” असं काहीतरी म्हणालो. इतकं सगळं ओकल्यावरही मी एवढा एक तुकडा गिळून ठेवला. पाणी चोरणं एकदाचं सांगता आलं. विश्वास टाकणाऱ्या माणसाला शब्द देऊन वाऱ्यावर सोडलं, हे मला त्या पोरीच्या तोंडावर सांगता आलं नाही.

इतकी वर्षं बंद पडलेली मोटर वर काढून रिवाइंडिंगवाल्याने दुकानात नेली, चार संध्याकाळी तिच्यावर घालवल्या. पुढच्या शनिवारी बागेत पाणी आलं. आधी तांबडं, मग पांढरं. पोरांनी एकमेकांना भिजवलं. मला नाही भिजवलं.

मुलगी त्या आठवड्यात दोनदा घरी आली. “मेंढरं आणायची तर त्या माळ्याच्या पुतण्याचीच आणायची,” तिने सांगून टाकलं. “आन् त्याआधी कमिटीला सांगा तुम्ही, बाग कशानं गेली.”

मी कमिटीला सांगितलं. कमिटी म्हणजे आता पाच जण, अध्यक्षांच्या बैठकीत. चहा झाल्यावर मी पाण्याचं सांगितलं. दोघांनी मोबाइल बघितला. अध्यक्ष म्हणाले, “अहो, झालं ते झालं. बारा वर्षं झाली. आता कशाला उकरून काढता? तुमच्या मुलीला स्थळं बघताय ना? आपल्यातलीच गोष्ट आहे, आपल्यात राहू दे.” मग म्हणाले, “मेंढरं आणायचीत तर आणा, दोन दिवस, पोरांच्या जबाबदारीवर.” इतक्या सहज मला सोडलं त्यांनी. बाहेर आल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माळ्याला ते आपल्यात धरत नव्हते, आणि मला धरत होते, आणि म्हणून मी सुटलो होतो.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग चला मांडवगणला.”

“मी कशाला? तुम्ही जा, मी फोन नंबर काढून देतो.”

“काका, मेंढरं बसवायला रानाच्या धन्यानं सांगायला जावं लागतं. निरोपावर येत न्हाई कुणी. आमच्यात तरी न्हाई.”

मेच्या सुरुवातीला गेलो. न्हावऱ्यावरून पुढे, दोन्हीकडे ऊस. एका गाडीवर मी, दुसऱ्या गाडीवर ती आणि रिवाइंडिंगवाला. पुतण्या वस्तीवरच होता. मुलगी त्याच्याशी बोलायला लागली, त्यांचं कोणकोणतं नातं कुठल्या वाडीत निघतं याचा शोध सुरू झाला. आबा गोठ्याच्या सावलीला बसले होते. खूप वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी मातीत बसलो.

म्हणालो, “आबा, चुकलं माझं. शब्द देऊन फिरलो.”

त्यांनी गोठ्यातल्या म्हशीकडे बघितलं. मग म्हणाले, “हितं म्हनून काय उपेग? हितं कोन हाय ऐकायला? ही म्हस?”



“पानी नेलं त्याचं मला काय न्हाई,” ते म्हणाले. “घर बांधताना मानूस करतो. पर त्या साली माज्या पुतन्याच्या मेंढरांस्नी शिरूरच्या बाजूला कुनी रानात बसू दिलं न्हाई. बागा खात्यात म्हनं. आन् मला कुठल्या कॉलनीनं कामाला ठिवलं न्हाई. पोरीची शाळा सुटली. मी हिला म्हनायचो,” त्यांनी घराकडे मान केली, म्हणजे बायकोला, “सायेब सांगत्याल. मानूस चांगला हाय, जरा भित्रा हाय. ती म्हनायची, तुमी येडे.”

“आबा, आत्ता सांगतो ना मी. तुम्ही चला शिरूरला. झाडं बघा.”

“न्हाई. मेंढरं जात्याल. ती त्या पोरीसाठी जात्याल, लई गुनाची पोर हाय. मी न्हाई येनार. ज्यांच्या म्होरं मान खाली घातली, त्यांच्या म्होरं तुमी बोला. तवा यीन.”

“कमिटीला सांगितलंय मी पाण्याचं.”

“पाच जनांला?” ते हसले. दात राहिले नव्हते. “माज्या टायमाला दारापातूर मान्सं व्हती.”

त्यांच्या बायकोने चहा आणून दिला. माझ्याकडे न बघता कप खाली ठेवला आणि आत गेली. चहा मी प्यालो.

तीन दिवसांनी सकाळी कळप आला. तीनशेच्या आसपास मेंढरं, दोन घोडी, कुत्री. गेटातून आत घालताना दोन्ही बाजूंनी पोरं उभी होती. रोपांभोवती त्यांनी काटेरी फांद्या बांधून ठेवल्या होत्या. पुतण्याने वाघर लावली. मेंढरं कोंडायची ती दोऱ्यांची जाळी. कॉलनीतले लोक गच्च्यांवर आले. एक जण वरूनच ओरडला, “अरे, परत मेंढरं? एकदा खाऊन झाली ना बाग?”

ट्रेनी खालून ओरडला, “काका, या खाली, कडू मेंदी खायला देतो. मी खाल्लीय.”

मुलगी गेटावर उभी राहिली. जो कोणी बोलायला येई त्याला ती खालच्या कोपऱ्यात घेऊन जायची आणि ती खुंटं दाखवायची. मेंढरं त्यांना अंग घासत होती आणि तोंड लावत नव्हती. लोक बघायचे, ‘हो की’ म्हणायचे. मग विचारायचे, “मग तेव्हा कशानं गेली?” ती म्हणायची, “ते सभेत कळंल.” आणि माझ्याकडे बघायची. मी तिथेच उभा होतो. उत्तर द्यायला तिने मला तेवढी जागा दर वेळी सोडली होती. त्या दोन दिवसांत तिने ती सात-आठ वेळा सोडली असेल.

एकदाही मी बोललो नाही. हे लिहिताना मला तेच सगळ्यात जास्त लागतंय.

पावसाळ्यात झाडांनी जोर धरला. पहाटे शिट्टी वाजते, पोरं पळतात, आता कासुर्डी आणि यवतकडच्या अजून दोन मुली येऊन राहिल्यात तयारीला. संध्याकाळी बायका फिरतात. सात पोरांनी हे केलं. मी पहार चालवली, एवढंच. ते माझ्या खात्यात धरायचं नाही असं मी स्वतःला बजावलं आहे, कारण लोक धरायला लागलेत. परवा एकाने मला म्हटलं, तुमच्यामुळे बाग परत उभी राहिली. मी ‘नाही’ म्हणालो, तर त्याला तो माझा विनय वाटला.

वार्षिक सभा आठ दिवसांवर आली आहे. अध्यक्षांना मी म्हणालो, विषयपत्रिकेवर माझा एक विषय घ्या. ते म्हणाले, नको. ठीक आहे. प्रत्येक पत्रिकेवर शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असतंच, त्यात मी उठणार आहे, परवानगी मिळो न मिळो. जुनं इतिवृत्ताचं पुस्तक कमिटीच्या कपाटातून मागून घेतलं आहे. ते वाक्य माझ्याच अक्षरात खोडून खाली खरं लिहायचं आहे, सगळ्यांसमोर. हा मजकूर आज बायकोला वाचायला देणार आहे. उद्या मांडवगणला जाऊन आबांना सभेचा दिवस सांगायचा आहे. फोनवर नाही, जाऊन.

माझ्याकडे त्या माणसाचं देणं आहे ते एवढं: भरलेल्या सभेत, त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवून, मी उभं राहून सांगायचं की पाणी मी घेतलं, मेंढरं त्यांनी मला विचारून आणली, आणि ते गप्प राहिले ते मी दिलेल्या शब्दावर. हे मी अजून केलेलं नाही.